खिळ्यांच्या जागी वाटाणे

आत्या सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान आहे आणि बरोबर त्याच्या वर मी राहते, त्यामुळे सकाळी हातोडीची टकटक सुरू झाली की मला घड्याळ बघावं लागत नाही. खरं तर त्या माझ्या आत्या नव्हेत. त्या एकाच माणसाच्या आत्या, त्यांच्या भाच्याच्या. पण तो लहान असताना शाळेतून थेट दुकानात यायचा आणि गल्लीच्या तोंडापासूनच "आत्या, ए आत्या" असा गळा काढायचा. ऐकून ऐकून सगळ्या गल्लीने ते नाव उचललं. आता पोस्टमनसुद्धा त्यांना आत्या म्हणतो, आणि तो त्यांच्याहून थोराड दिसतो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, खिडकीपाशी शिलाई मशीन, भिंतीला टेकून उभे केलेले कापडाचे तागे. मधोमध लाकडी घोड्यांवर कुठली तरी खुर्ची पोट फाडून ठेवलेली असते, स्प्रिंगा बाहेर, कापूस लोंबतोय. मागे एक छोटा ओटा, त्यावर चहापुरती शेगडी. एवढ्या कापसा-भुशातही आत्यांची टापटीप अशी, की पाहणाऱ्याने बूट काढावेत. कापडाला हात लावण्याआधी हात धुवायचे, पुसायचे आणि कोरडे झाले का ते स्वतःच्या गालाला लावून बघायचं. गिऱ्हाईक हातात चहाचा कप घेऊन आलं तर उंबऱ्याबाहेर उभं राहून चहा संपवायचा, मगच आत. एकदा एक गृहस्थ आइस्क्रीम चाटत आत शिरले होते. आत्यांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते उरलेलं आइस्क्रीम त्यांनी दोन घासांत संपवलं आणि मग बराच वेळ दात धरून उभे राहिले.

लग्न त्यांनी केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर "मापाचं मिळालं नाही" म्हणायच्या आणि पुढचं कापड कापायला घ्यायच्या.

अशा बाईच्या दुकानात एक दिवस टिल्ली आली.

टिल्ली म्हणजे भाच्याची मुलगी, दुसरं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं. भाचा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल याचा नेम नसतो, त्यामुळे तो घरी कधी असेल याचाही नसतो. भाचेसून औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासते. तिची पाळी बदलून सकाळची झाली, आणि त्याच सुमाराला पाळणाघरवाल्या बाईंनी हात वर केले. त्यांचं म्हणणं, मुलगी गोड आहे, रडत नाही, पण खात नाही. दूध पिते आणि बाकी सगळं थुंकते. "उद्या पोर वाळली तर मला जबाबदार धराल," असं म्हणून त्यांनी टिल्लीची पिशवी परत दिली.

भाचेसून दुकानाच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या कडेवर टिल्ली होती आणि खांद्यावर ती पिशवी.

"आत्या, थोडेच दिवस. दुसरं पाळणाघर मिळेपर्यंत."

"अगं, इथे?" आत्यांनी दुकानभर हात फिरवला. "कात्र्या, सुया, खिळे. आणि हे कापड बघ. याच्याकडे मी स्वतः श्वास रोखून बघते."

"मला दुसरं कोणी नाहीये हो."

यावर आत्यांचं काही चालेना. शेजारी सुतारकाकांचं दुकान आहे, खुर्च्यांचे सांगाडे तेच करून देतात. त्यांनी दुपारपर्यंत एका मोडक्या सोफ्याच्या लाकडाचा कठडा करून दिला. कडा घासून गुळगुळीत केल्या, तळाला जाड फोम घातला. टिल्ली त्यात उभी राहिली, दोन्ही हातांनी वरची पट्टी धरली आणि पुढारी सभेकडे बघतो तशी दुकानाकडे बघू लागली.

"झालं," सुतारकाका म्हणाले. "आता मालक आले."

आईने डबा देताना सगळं समजावून सांगितलं होतं. एका वाटीत दुधात कालवलेलं केळं, दुसरीत शिजवून घोटलेलं गाजर. लाळेरं बांधायचं, चमच्याने भरवायचं, नको म्हणाली तर गाणं म्हणायचं. आत्यांना गाणं येत नव्हतं. त्यांनी नुसताच चमचा पुढे केला. टिल्लीने घास तोंडात घेतला, क्षणभर विचार केला आणि तो अगदी शांतपणे हनुवटीवरून खाली सोडून दिला. मग लाळेऱ्यावरचं गाजर दोन्ही तळव्यांना लावून घेतलं.

नेमकी त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचा लहान मुलांचा दवाखाना आहे आणि तिथली बाकं नव्याने मढवायला त्यांनी आत्यांना दिली होती. कापड त्यांनीच निवडलं होतं, सायीच्या रंगाचं. आत्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की बाई, मुलांच्या दवाखान्यात हा रंग म्हणजे आठवड्यात त्याचा नकाशा होईल. पण बाईंना उजेड वाटेल असंच काहीतरी हवं होतं.

आत्या दार उघडायला वळल्या. कठड्याला लागूनच कापायच्या टेबलाची कड होती आणि त्या कडेवरून सायीच्या रंगाचं कापड खाली आलं होतं. टिल्लीने हात लांब केला. डॉक्टरीणबाई आत येऊन बघतात तर त्यांच्या कापडावर पाच बोटं, केशरी, अगदी ठसठशीत.

आत्यांचा चेहरा त्या कापडाहून पांढरा झाला. "हा तुकडा मी बदलते," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

डॉक्टरीणबाई मात्र पोट धरून हसत होत्या. "बदला, पण हा तुकडा मला द्या. तुम्ही नकाशा म्हणाला होतात ना? हा त्यातला पहिला देश."

बाई हसल्या खऱ्या, पण आत्यांच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मूल इथे राहणार तर त्याला खायला लागणार. खायला लागणार तर ते हाताला लागणार आणि हाताचं कापडाला लागणार. चिंध्यांच्या टोपलीतून त्यांनी उजळ कापडाचे तुकडे निवडले, भिंतीवर एका पट्टीला ओळीने ठोकले आणि रोज घरून थोडं थोडं काहीतरी आणायला सुरुवात केली. प्रत्येक पदार्थ बोटांनी तुकड्यावर चोळायचा, चहा होईपर्यंत थांबायचं, मग ओल्या फडक्याने पुसून बघायचं. सोफ्याचं कापड पारखायची हीच त्यांची रीत होती, फक्त तेव्हा त्या शाई आणि कॉफी वापरायच्या.

केळ्याचा डाग आधी दिसायचाच नाही आणि नंतर काळा पडायचा, म्हणजे लबाड. घोटलेलं काहीही नापास. तेच गाजर बोटाएवढ्या कांडीत कापून वाफवलं आणि फडक्यावर कोरडं केलं तर जेमतेम पिवळसर छटा राहायची. रताळ्याच्या पट्ट्या ओव्हनमधून काढल्या की त्यांना बाहेरून पातळ साल धरल्यासारखं व्हायचं, आतून मऊ आणि बाहेर बोट लावलं तर कोरडं. त्यावर आत्या बेहद्द खूश झाल्या. ऑम्लेट कमी तेलात करून पट्ट्या कापल्या तर चाललं. उकडलेल्या अंड्याचं पांढरं पास, पिवळं भुरभुरतं म्हणून काठावर पास. वाफवलेली नासपती कोरडी केली तर पैकीच्या पैकी. टोस्टचा चुरा पडायचा, पण चुरा म्हणजे काय, ब्रश मारला की गेला. घट्ट दही वाटीत असेपर्यंत सभ्य, वाटी कलंडली की गुंड. आणि बीट, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

एक बाई दुकानात आल्या आणि खुर्च्यांसाठी कापड बघता बघता त्या पट्टीपाशी थांबल्या. "हे फार सुंदर आहे," त्या बिटाच्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "यातलं सहा खुर्च्यांना पुरेल एवढं मिळेल?"

सुतारकाका तेव्हा पाणी पीत होते. ते त्यांच्या नाकातून बाहेर आलं.

एवढी सगळी तयारी झाली, पण खाणारीच तयार नव्हती. आत्या कठड्यातल्या छोट्या पाटावर वाटी ठेवायच्या. टिल्ली रताळं उचलायची, त्याच्याकडे ओळख काढल्यासारखी बघायची आणि कठड्याच्या फटीतून बाहेर टाकायची. आई संध्याकाळी आली की डबा उघडून बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. आत्यांना त्या उतरलेल्या चेहऱ्याची मनातून भीती वाटायला लागली होती.

आता आत्यांच्या एका जुन्या सवयीबद्दल सांगायला हवं. कापड ताणून धरायला एक हात लागतो, हातोडी मारायला दुसरा, मग खिळा धरायचा कोणी? म्हणून या कामातली जुनी माणसं बारीक खिळे तोंडात धरतात. आत्या चिमूटभर खिळे गालात ठेवायच्या, जिभेने एकेक ओठांवर आणायच्या, चुंबकाची हातोडी ओठांना टेकवली की खिळा तिला चिकटायचा आणि मग ठक. ओठ, हातोडी, ठक. पिना मारायचं यंत्रही होतं दुकानात, पण त्याचा फटफटाट त्यांना आवडायचा नाही. तरुणपणापासून त्या असंच काम करत आल्या होत्या, आणि म्हणूनच कामाच्या वेळी त्या कधी बोलत नसत. काही विचारलं तर "हं" म्हणजे हो आणि "अंहं" म्हणजे नाही.

त्या दुपारी त्या एका उंच पाठीच्या खुर्चीवर काम करत होत्या. टिल्लीपुढे वाफवलेल्या वाटाण्यांची वाटी होती, तीही नेहमीसारखीच हात न लावलेली. सुतारकाका दारात येऊन काहीतरी बोलायला लागले आणि मध्येच थांबले.

"आत्या," ते हळूच म्हणाले, "बघा तिकडे."

आत्यांनी मान वळवली. टिल्लीने दोन वाटाणे ओठांत धरले होते. हातात लाकडी चमचा होता. तिने चमचा ओठांना टेकवला आणि मग कठड्याच्या पट्टीवर मारला. ठक. ओठांतला एक वाटाणा आत गेला. तिने तो चावला, गिळला, आणि गंभीर चेहऱ्याने दुसरा पुढे सरकवला. ओठ, चमचा, ठक.

आत्यांना ओरडावंसं वाटलं, पण तोंडात खिळे. त्या तशाच उभ्या राहिल्या, एका हाताने कापड ताणलेलं, दुसऱ्यात हातोडी. सुतारकाकाही हलले नाहीत. वाटी रिकामी होत गेली. पोर इतकी मन लावून काम करत होती की तिला ती खाते आहे याची खबरच नसावी.

"खाल्लं की हो!" सुतारकाका शेवटी म्हणाले. "सगळे खाल्ले!"

आत्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणि पुढच्याच क्षणी त्यांचं लक्ष स्वतःच्या तोंडातल्या खिळ्यांकडे गेलं. पोरीने वाटाणे का खाल्ले, तर आत्याआजी काहीतरी छोटं छोटं तोंडात घालते म्हणून. आणि आत्याआजी घालते काय, तर खिळे. आज वाटाणे हाताशी होते. उद्या जमिनीवरचा एखादा खिळा हाताला लागला तर?

त्यांनी हातोडी खाली ठेवली, टिल्लीकडे पाठ केली आणि तोंडातले खिळे तळहातावर काढले. मग दुकानाची काच झाकली, दाराला कडी घातली आणि मोठं चुंबक दोरीला बांधून जमिनीवरून कोपऱ्याकोपऱ्यात फिरवलं. फटींतून, ताग्यांच्या मागून, मशीनच्या पायांखालून खिळे येऊन चिकटत राहिले. काही गंजलेले होते. आपल्याच स्वच्छ दुकानात एवढे खिळे बघून त्या फोमवर मटकन बसल्या. टिल्लीने वाटीतलं उरलंसुरलं वाटाण्याचं साल त्यांच्या ओठांना लावलं.

त्या दिवसापासून आत्यांनी तोंडात खिळा धरला नाही. सुतारकाकांनी मनगटावर बांधायचा चुंबकाचा पट्टा करून दिला, खिळे त्यावर चिकटलेले राहायचे. पण हाताला वळण नव्हतं. जीभ जे आपोआप करायची ते बोटांना जमेना. अंगठा ठेचला जायचा, खिळा वाकायचा, कापड सुटायचं. आधी दोन खुर्च्या व्हायच्या तेवढ्या वेळात आता एकही होईना. आत्यांची चिडचिड मला वरच्या मजल्यावर ऐकू यायची. हो, ऐकू यायची, कारण आता तोंड रिकामं होतं! इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं एकदम बाहेर पडायला लागलं. त्या खुर्च्यांशी बोलायच्या, स्प्रिंगांना रागवायच्या, टिल्लीला कापडाचे प्रकार समजावून सांगायच्या. गाणंही म्हणायला लागल्या. सूर कुठे जायचा ते त्यांनाही ठाऊक नसायचं. एकदा मी जिन्यातून उतरताना म्हटलं, "आत्या, आज आवाज लागलाय." तर म्हणाल्या, "लागलाय कसला, अंगठ्याला लागलंय."

आणि ओठांवर धरायला काहीतरी हवंच होतं, नाहीतर टिल्लीने कुणाचं बघून खायचं? म्हणून आत्याच वाटाणे खायला लागल्या. काम करता करता एक वाटाणा ओठांवर, हातोडीचा दांडा ओठांना टेकवायचा, ठक, आणि गिळायचा. पलीकडून चमच्याची ठक. वाटाण्यांमागून गाजराच्या कांड्या आल्या, मग नासपती, मग ऑम्लेटच्या पट्ट्या. आत्यांचं दुपारचं जेवण इतकी वर्षं म्हणजे चहा आणि उभ्याउभ्या खाल्लेली बिस्किटं. आता दोघी फोमवर समोरासमोर बसायला लागल्या.

बाकांचं काम कुठवर आलं ते बघायला डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा आत्या द्राक्षं धूत होत्या. द्राक्षांवर त्यांचा भारी जीव बसला होता. गोल, कोरडं, डाग नाही, चुरा नाही.

"ही तिच्यासाठी?" बाईंनी विचारलं.

"हो. कापडाच्या परीक्षेत पहिली आली आहेत."

"कापडाच्या परीक्षेत येऊ देत, माझ्या परीक्षेत नापास आहेत." बाईंनी सुरी मागून घेतली आणि ओट्यापाशी उभ्या राहून एक द्राक्ष उभं चिरलं, मग पुन्हा उभं. "अशा चार फोडी. अख्खं कधीच नाही. गोल आणि निसरडं असतं, घशात बरोबर बुचासारखं बसतं. वाटाणे देता ते बोटाने जरा दाबून द्या. गाजर कच्चं नको. अख्खे दाणे, बदाम नकोत, अजून बरीच वर्षं नकोत."

आत्या घाबरून ऐकत होत्या. "आणि हा ठकठकीचा खेळ?"

त्यांनी खेळ करून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा बघितला. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून आणि दुसऱ्यांदा, मला वाटतं, उगाच.

"खेळ चांगला आहे. पण ओठांवर एका वेळी एकच. गालात साठवायचं नाही. आणि बसूनच, हं. हातात खाऊ घेऊन पळायचं नाही. ती खाताना तुम्ही समोर असायचंच."

"असतेच की मी समोर. जाऊ कुठे?"

भाचेसून रोज रिकामा डबा घरी न्यायला लागली. पहिल्यांदा ती इतकी हरखली की आत्यांच्या गळ्यातच पडली. पण पुढे पुढे ती डबा न उघडताच पिशवीत टाकायची, "बरं, येते" म्हणायची आणि जायची. आत्यांच्या ते लक्षात आलं, कारण कुठे शिवण ओढली जातेय हे त्यांना नेहमी आधी कळतं. पण विचारायचं कसं ते त्यांना सुचेना.

मग एकदा दोन दिवसांच्या सुट्टीनंतर ती लवकर आली. कामावरून अर्धी रजा घेऊन आली होती. टिल्ली कठड्यात झोपली होती. भाचेसून स्टुलावर बसली आणि चपलेचं टोक जमिनीवर घासायला लागली.

"काय झालं गं?" आत्यांनी विचारलं.

"काही नाही."

"नवऱ्याशी भांडलीस?"

"नाही हो." आणि मग ती एकदम बोलायला लागली. "तुम्ही देता तेच केलं मी घरी. रताळं तसंच, पट्ट्या तशाच. गाजर वाफवलं, कोरडं केलं. वाटी पुढे ठेवली. तिने ती वाटी माझ्या अंगावर फेकली. दोन्ही दिवस. इथे खाते आणि माझ्याकडे तोंड फिरवते. आई मी आहे ना तिची?"

आत्यांना समजूत घालता येत नाही. रडणाऱ्या माणसाला त्या फार तर स्वच्छ फडकं देतील. त्यांनी फडकं दिलं. मग थोडा वेळ घुटमळल्या आणि जे हाताशी होतं ते पुढे केलं, म्हणजे एक जुनी खुर्ची आणि खिळे उपटायची पकड.

"याचं जुनं कापड काढायचंय मला. जरा हात लाव."

"आत्ता?"

"आत्ताच. जोर लागतो. तुझ्यात आज आहे."

भाचेसुनेने पकड घेतली. पहिले काही खिळे चिडून उपटले. मग कसे उपटायचे ते समजलं, खिळ्याच्या डोक्याखाली पकड घालायची आणि मनगट फिरवायचं. एकेक खिळा करकर करत बाहेर यायचा आणि तिने तो डब्यात टाकला की टण्णकन वाजायचा. जुन्या कापडाची धूळ तिच्या नाकावर बसली. केव्हातरी ती गावाकडच्या सासूच्या, कामावरच्या साहेबाच्या, शेजारणीच्या गोष्टी सांगायला लागली. आत्या समोर बसून शिवण उसवत होत्या आणि मध्ये मध्ये "मग?" म्हणत होत्या.

टिल्ली जागी झाली. उठून पट्टी धरून उभी राहिली. आई दिसली, पण आई तिच्याकडे बघत नव्हती, खुर्चीवर वाकलेली होती. आत्यांनी टिल्लीला बाहेर काढून फोमवर बसवलं, पुढ्यात नासपतीची वाटी ठेवली आणि पुन्हा शिवण हातात घेतली.

थोडा वेळ टिल्ली बघत राहिली. एक फोड तिने खाल्ली. दुसरी खाल्ली. मग तिसरी हातात घेऊन उठली, चार पावलं टाकत आईपाशी गेली आणि ती फोड आईच्या ओठांना टेकवली. भाचेसुनेचे दोन्ही हात काळे झालेले, पकड खिळ्यात अडकलेली. तिला तोंड उघडण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिने फोड घेतली. टिल्लीने खुर्चीवर तळहात मारला आणि म्हणाली, "थक!"

"ठक!" तिची आई म्हणाली. तोंड भरलेलं होतं, त्यामुळे तेही "थक"च ऐकू आलं.

"बसून खायचं गं बाई," आत्यांनी टिल्लीला पुन्हा खाली बसवलं. "डॉक्टरीणबाई ओरडतील."

भाचेसून पकड हातात धरून फोमवर लेकीशेजारी बसली. बराच वेळ दोघी एकमेकींना भरवत होत्या. निम्मी नासपती आईच्याच पोटात गेली.

"तुम्ही कधी बघतच नाही तिच्याकडे, खाताना," भाचेसून मग म्हणाली.

"बघते की. समोरच असते."

"तसं नाही. मी घास दिला की तिच्या तोंडाकडे असं टक लावून बघते, कारखान्यात गोळी तपासते ना तसं. गिळली का, थुंकली का. तिलाही वाटत असेल, ही आता पास करते का नापास."

आत्यांनी विचार केला. "मला वेळच नसतो बघायला. माझा अंगठा सांभाळायचा असतो."

दोघी हसल्या. मग आत्यांनी जरा अडखळतच म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे या तुम्ही सगळे. किंवा मी येते. घरी तुला काहीतरी हाताला काम असू दे, पण बसायचं तिच्याच पुढ्यात. आणि तिच्याबरोबर तूही खा. तू जेवतेस तरी का?"

भाचेसुनेने वाटीतली उरलेली फोड तोंडात टाकली. ती बहुतेक ओट्यापाशी उभी राहून, उरलेलं खायची.

त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशी टिल्लीसमोर बसून मोज्यांच्या जोड्या लावायला लागली, बटणं लावायला लागली. वाटी मध्ये ठेवायची, दोघींनी त्यातून घ्यायचं. काही वेळा टिल्लीने फेकाफेकी केलीच. एकदा अंड्याची फोड बापाच्या कानात गेली. पण कोरडी होती, त्यामुळे काढून पुसायचाही प्रश्न आला नाही, असं भाचा स्वतःच कौतुकाने सांगत होता.

दवाखान्याची बाकं झाली. रंगावरून आत्या आणि डॉक्टरीणबाई यांची शेवटपर्यंत जुंपली होती, शेवटी पाठी सायीच्या रंगाच्या आणि बसायची जागा पुसता येईल अशा गडद हिरव्या कापडाची, यावर तोडगा निघाला. बाकं पोचवली त्याच सकाळी एका मुलाने हिरव्या कापडावर चॉकलेट सांडलं. बाईंनी ते पुसलं आणि फोन करून आत्यांना सांगितलं, "तुमचं बरोबर होतं." आत्यांनी फोन ठेवल्यावर दुकानात कोणी नाही हे बघून दोनदा टाळी वाजवली. मी जिन्यात होते, म्हणून मला माहीत.

दुसरं पाळणाघर मिळालं तेव्हा भाचेसुनेने आत्यांना विचारलं, "पाठवू का तिकडे?" आत्या म्हणाल्या की मुलीला मुलं हवीत, नुसत्या खुर्च्यांमध्ये वाढून कसं चालेल. बोलताना त्या कापड मोजत होत्या आणि तेच कापड त्यांनी तीन वेळा मोजलं. टिल्ली आता सकाळी तिकडे जाते आणि दुपारी आत्यांकडे येते. तिथे ती सगळं खाते असं नाही. भोपळा तिला आवडत नाही आणि तिने तसं स्पष्ट सांगितलं आहे.

गेल्या आठवड्यात सुतारकाकांची मुलगी माहेरी आली, बरोबर तिचा वर्षाचा मुलगा. सुतारकाका त्याला कडेवर घेऊन दुकानात आले. आत्यांनी सवयीने हात धुतले, गालाला लावून बघितले आणि त्याच्यापुढे वाटीत ऑम्लेटच्या पट्ट्या, दाबलेले वाटाणे आणि टोस्टची कांडी ठेवली.

"हा खातो का?" त्यांनी विचारलं.

"खातो का?" सुतारकाका म्हणाले. "काल माझा खडू खाल्लान्."

मुलाने वाटी उलटी केली, सगळं फोमवर पसरलं आणि एकेक उचलून तोंडात घालायला लागला, मध्ये श्वास घ्यायलाही थांबेना. आत्या घाईघाईने त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. "अरे हळू," त्या म्हणाल्या, "पळून नाही जात ते. सुतारकाका, दार लावा आणि टेबलावरचा माझा खडूचा डबा आधी वर ठेवा."